मामा तलाव

पूर्व विदर्भातल्या कुठल्याही पंचायतीच्या कचेरीत गेलात, तर तिथल्या कागदांत तुम्हांला 'मा. मा. तलाव' अशी अक्षरे आढळतील. गावातली पोरे त्याला सरळ 'मामा तलाव' म्हणतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाने तर मला भाबडेपणाने विचारले होते, "सर, हा तलाव कोणाच्या मामाचा?" मी हसलो खरा, पण प्रश्न काही अगदीच वेडगळ नव्हता. 'मा. मा.' म्हणजे माजी मालगुजारी. हे तलाव पूर्वी कोणाचे तरी होते, आणि आता त्या अर्थाने कोणाचेच नाहीत, असे ती दोन अक्षरे सांगतात. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून असे सुमारे सात हजार तलाव आहेत. त्यांच्याशिवाय शेतकऱ्यांच्या स्वतःच्या शेतात लहान लहान तळी आहेत, त्यांना आमच्याकडे 'बोडी' म्हणतात.

श्रोतेहो, आज आपल्या राज्यात जो तो शेतात तळे खोदतो आहे. अशा वेळी खासगी जमिनीवरचे तळे कसे आखावे आणि कसे जिवंत ठेवावे, याचा सर्वांत मोठा प्रयोग आपल्याच भूमीवर दोन-तीनशे वर्षे चालला होता, हे आपण विसरून जातो. त्या प्रयोगाची हकीकत आज सांगायची आहे.

पहिली शंका तुमच्या मनात अशी येईल की, या भागात पाऊस पन्नास इंचांच्या आसपास पडतो. मग तळी हवीत कशाला? सोलापूर-नगरकडच्या माणसाला तर हे ऐकून नवलच वाटेल. पण इथले मुख्य पीक धान. धानाला नुसता पाऊस पुरत नाही, तो वेळेवर लागतो. रोवणी लांबली की पीक गेले. आणि लोंबी भरायच्या वेळी, भाद्रपद-आश्विनात, पावसाने पाठ फिरवली तरी पीक गेले. अशा वेळी एक-दोन पाणी मिळाले तर कोठार भरते, नाही तर तणस तेवढे हाती येते. म्हणजे हे तलाव बारमाही बागायतीसाठी नव्हते, त्या एक-दोन पाण्यांसाठी होते. ज्याला शिल्लक पाणी असे तो ऊस लावी. हे नीट ध्यानात ठेवा, कारण तळे किती मोठे असावे याचा हिशेब यातूनच निघतो.

हे तलाव बांधले कोणी? चांद्याच्या गोंड राजांची अशी रीत सांगतात की, जो जंगल तोडून गाव वसवील त्याला ते गाव, आणि जो तळे बांधील त्याला त्या तळ्याच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन. अशा देणगीला 'तुकूम' म्हणत. चंद्रपूर शहरात त्या नावाचा भाग आजही आहे. या रीतीतले शहाणपण पाहा! बक्षीस तळे खोदण्याबद्दल नव्हते, जमीन भिजवण्याबद्दल होते. खड्डा कितीही मोठा काढला, पण पाणी थांबले नाही, तर हाती काही नाही. आजच्या अनुदानाच्या नियमांत खड्ड्याची लांबी-रुंदी मोजतात. राजा भिजलेली जमीन मोजत होता.

या कामात ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता ते कोहळी. त्यांना गोंड राजाने काशीकडून आणले अशी त्यांची परंपरा सांगते. १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातल्या जातीजमातींवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यात कोहळ्यांच्या तळी बांधण्याच्या कसबाची खास नोंद आहे. गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. डोंगरांच्या मधल्या खिंडी मातीच्या पाळींनी बंद करून त्यांनी केवढा जलाशय उभा केला, हे प्रत्यक्ष पाहिल्यावाचून कळायचे नाही. लोकांनी पुढे कोलू पाटलांना देव केले. कोलासूर देव म्हणून त्यांचे ठाणे तिथल्या टेकडीवर आहे. भोवतालच्या सात शिखरांना 'सात बहिणी' म्हणतात आणि त्यांनी कोलूला बांध घालायला मदत केली अशी कथा आहे. इतिहासाच्या माणसाने दंतकथा बाजूला ठेवावी म्हणतात. पण या कथेत जलशास्त्र आहे. सात टेकड्यांनी मदत केली म्हणजे माणसाने बांध थोडा घातला, बाकीचा डोंगरांनी आधीच घालून ठेवला होता. जागा हेरणे हीच अर्धी कारागिरी!

आता ही जागा हेरायची कशी? कोहळी माणूस उन्हाळ्यात जागा पाहून ठेवी. पण पक्के ठरवी ते पावसाळ्यात, पाणी कुठून येते, कुठे रेंगाळते, कुठून निसटते ते पाहून. तळ्याच्या पोटाला चिकण माती हवी. मूठभर ओली माती घेऊन तिची वात वळून पाहा. वात तुटली नाही तर पाणी टिकेल, भुसभुशीत होऊन मोडली तर ती जागा सोडा. वरची पाणलोटाची जमीन तळ्याच्या कितीतरी पट मोठी हवी, आणि ती शक्यतो झाडोऱ्याची हवी, म्हणजे गाळ कमी येतो. पाळ घालण्यापूर्वी तिच्या पायात चर खणून, खालची कठीण जमीन लागेपर्यंत जाऊन, त्यात चिकण माती ठोकून भरायची. नाही तर पाणी पाळीच्या पोटाखालून पळते. मग पाळीचे थर. एक थर टाकायचा, पाणी मारायचे, बैल फिरवायचे, पुन्हा थर. घाईने एकदम माती लोटलेली पाळ पहिल्या पावसात खचते. ट्रॅक्टर आणि जेसीबी आले तरी या नियमात बदल झालेला नाही. फक्त बैलांच्या जागी रोलर आला.

तळ्याचे दोन अवयव मात्र असे आहेत की ज्यांच्याकडे आज कोणी पाहत नाही. एक 'तुडुम', म्हणजे शेताकडे पाणी सोडायची मोरी. आणि दुसरा 'सलंग', म्हणजे तळे भरल्यावर जादा पाणी वाहून जाण्याची वाट. पुस्तकी मराठीत ज्याला सांडवा म्हणतात तोच हा सलंग. तो पाळीतून काढत नाहीत. पाळीच्या टोकाला, जिथे मूळची कठीण मुरमाड किंवा खडकाळ जमीन असेल तिथे काढतात, आणि त्याची पातळी पाळीच्या माथ्यापेक्षा चांगली दोन-तीन हात खाली ठेवतात. एका तळ्याच्या सलंगाचे पाणी खालच्या तळ्यात, त्याचे त्याच्या खालच्या तळ्यात, अशी ही माळ असते. म्हणजे वरच्या माणसाची चूक सगळ्या माळेला भोवते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या आजोळी, साकोली तालुक्यातल्या एका खेड्यात, आमच्या आजोबांची बोडी होती. १९९४ चा पावसाळा. त्याच्या आधीच्या वर्षी शेवटचे पाणी धानाला कमी पडले होते, म्हणून थोरल्या मामांनी उन्हाळ्यात सलंगावर दगडमाती रचून तो हातभर उंच केला. हातभर उंच म्हणजे केवढे जास्त पाणी, असा त्यांचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. आजोबा तेवढे म्हणत होते, "बाबू, पान्याले वाट ठेव, नाही ठेवली त थे आपली वाट कापते." मामा शिकलेले. त्यांनी ऐकले नाही. मी सातवीतून आठवीत गेलो होतो, आणि त्या रात्री तिथेच होतो. झड लागलेली. मध्यरात्री कसला तरी गुरगुर आवाज झाला, जनावर हंबरल्यासारखा. कंदील घेऊन गेलो तर पाळीच्या मधोमध बैलगाडी जाईल एवढे भगदाड. सकाळपर्यंत बोडी रिकामी. आमचे नुकसान एका वर्षाच्या पाण्याचे. पण खालच्या शेजाऱ्याच्या तीन बांध्यांत रेती आणि चिखल गुडघाभर साचला होता, रोवलेले धान त्याखाली. त्या शेजाऱ्याने पुढे कितीतरी वर्षे आमच्या घरात पाऊल टाकले नाही. तळे आमच्या जमिनीत होते, सातबारा आमचा होता. पण पाणी काही आमच्या जमिनीत थांबले नाही.

मालगुजारीच्या काळात नेमका हाच प्रश्न कसा सोडवला होता, तो आता पाहू. इंग्रजी अमलात १८६० नंतरच्या जमाबंदीत मध्यप्रांतातल्या गावांच्या पाटलांना मालगुजार म्हणून मालकी हक्क मिळाले. तलाव मालगुजाराचा झाला. पण तो त्याचा असूनही केवळ त्याचा नव्हता. कोणत्या बांधीला आधी पाणी, गुरांना कुठे पाणी पाजायचे, मासे कोणी धरायचे, पोटातली सुकलेली जमीन कोणी पेरायची, हे सारे गावात ठरलेले असे. 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या कागदात गावाच्या चालीरीती लिहीत. पुढे 'निस्तार पत्रक' आले. पाणी घेणाऱ्या शेतकऱ्याने उन्हाळ्यात पाळीवर माती टाकायला यायचे, पाट साफ करायचे, गाळ काढून आपल्या शेतात न्यायचा. गाळ म्हणजे खत; बंड्याच्या बंड्या भरून लोक तो नेत. तळे साफ होई आणि शेत कसदार होई. एका कामात दोन कामे साधत.

पण इथे मला थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर जुने ते सोने म्हणणाऱ्यांत माझी गणना व्हायची. ही सारी मेहनत राजीखुशीने होत नव्हती. बिगार होती. मालगुजाराचा माणूस दारात उभा राहिला की गरिबाला आपली रोवणी सोडून पाळीवर जावे लागे. ढीवर मासे धरीत, पण चांगला मासा वाड्यावर पोचवावा लागे. पाणी कोणाला आधी, हेही पुष्कळदा मालगुजाराच्या मर्जीवर. ती व्यवस्था मोडली याचे मला मुळीच दुःख नाही. दुःख आहे ते याचे की, जुलूम मोडताना त्यासोबत देखभालही मोडली, आणि तिच्या जागी दुसरे काही उभे राहिले नाही.

मध्यप्रदेश सरकारने १९५० साली मालकी हक्क नाहीसे करण्याचा कायदा केला. ३१ मार्च १९५१ पासून तो अमलात आला. तलाव सरकारजमा झाले. ज्या तळ्यांवर दुसऱ्या कोणाचाच पाण्याचा हक्क नव्हता, अशी काही तळी आणि शेतातल्या बोड्या तेवढ्या मूळ मालकांकडे राहिल्या. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. १९६२ साली जिल्हा परिषदा झाल्या आणि लहान तलाव त्यांच्याकडे गेले. दहा-बारा वर्षांत तलावाचा धनी इतक्यांदा बदलला! सरकारने पाणीपट्टी मागितली. शेतकरी म्हणाले, पाळीवर माती आमच्या बापजाद्यांनी टाकली, पाण्याचा हक्क निस्तार पत्रकात लिहिलेला आहे, पट्टी कशाची? दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते. पण पट्टी नाही म्हणून डागडुजी नाही, आणि डागडुजी नाही म्हणून पट्टी नाही, या भांडणात गाळ मात्र दरवर्षी नेमाने येत राहिला.

गाळाच्या मागोमाग बेशरम आली. बेशरम म्हणजे ती फिकट जांभळ्या फुलांची, कुंपणाला लावतात ती. मूळची दक्षिण अमेरिकेची. गुरे तोंड लावीत नाहीत, तोडली तर तुकड्यातुकड्यातून फुटते. नाव अगदी शोभते तिला. तलावाच्या उथळ काठावर तिने रान माजवले. जिथे देवधान उगवत असे, कमळ-शिंगाडा असे, पाण्याखालच्या गवतात मासे अंडी घालीत, तिथे ही झुडपे उभी. दुसऱ्या बाजूने मासळीचे उत्पन्न वाढावे म्हणून कटला-रोहूच्या जोडीला गवत्या मासाही कित्येक तलावांत सोडण्यात आला. चीनकडचा हा मासा भारतात १९५९ साली आणला गेला. तो पाण्यातले गवत खातो, आणि फार खातो. ज्या तळ्यात तणाने उच्छाद मांडला आहे तिथे तो उपयोगी. पण जिथे आधीच गवत उरले नाही तिथे त्याला सोडणे म्हणजे उरलेसुरले घर मोडणे. मरळ, शिंगी, मागूर हे आमचे जुने मासे त्या गवताच्या आडोशाने वाढतात.

शाळेत शिकवणाऱ्या बंधुभगिनींना मी मुद्दाम सांगतो, तळ्याची तब्येत पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. मुलांना घेऊन जा. पाणी हिरव्या रंगासारखे दाट झाले असेल तर वरून खत किंवा शेण फार येते आहे. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडत असतील तर पाण्यात प्राणवायू कमी आहे. पाळीच्या खालच्या अंगाला कुठे सतत ओल आणि तिथेच हिरवे गवत दिसले, तर पाणी झिरपते आहे. आणि ते पाणी गढूळ येत असेल तर माती वाहते आहे, उशीर करू नका. खेकड्यांची आणि उंदरांची बिळे मोजा. पाळीवर मोठे झाड वाळलेले असेल तर त्याची मुळे कुजून पोकळ वाट होते. हे सारे मुले तासाभरात टिपून घेतील, आणि घरी जाऊन बापाला विचारतील.

आता शेततळ्याकडे वळतो. २०१६ साली राज्यात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असे तळे घेतले, आणि काठ उताराचे धरले, तर त्यात सुमारे वीस लाख लिटर पाणी मावते. ज्याच्या शेतात असे तळे पावसाच्या पाण्याने भरते, त्याला ते वरदानच. पण कित्येक ठिकाणी काय झाले? तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरला, आणि विहिरीचे नाही तर बोअरचे पाणी उपसून ते भरले. जमिनीच्या पोटात सावलीत असलेले पाणी उन्हात आणून ठेवले! भर उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी वाफेने दिवसाला एक सेंटिमीटरच्या आसपास उतरते. शिवाय कागदामुळे त्यातला थेंब शेजाऱ्याच्या विहिरीला जात नाही. बोडीचे पाणी झिरपून खालच्या विहिरींना लागत असे. मालकाला ते नुकसान वाटे, गावाला तो आधार होता. द्राक्षबागा वाचवणारा शेतकरी कागद अंथरतो तो हौसेने नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण धानाच्या मुलखात, चिकण मातीवर, बोडीच्या जागी कागदाचे तळे करणे मला तरी कळत नाही.

चांगले घडतेच नाही असेही नाही. गोंदिया-भंडाऱ्याकडे, अर्जुनी मोरगावच्या बाजूला, गेल्या काही वर्षांत ढीवर मंडळींनी, विशेषतः बायांनी, काही तलावांतली बेशरम मुळासकट उपटली. उन्हाळ्यात सुकलेले पोट नांगरले, आणि दुसऱ्या तलावांतून देशी पाणवनस्पती आणून लावल्या. जुने मासे परत आले. ज्या मुलखात महाराष्ट्रातले मोजके उरलेले सारस राहतात, त्या मुलखात ही गोष्ट लहान नव्हे.

आमच्या आजोळच्या बोडीचे काय झाले, ते सांगून थांबतो. फुटलेली पाळ मामांनी कशीबशी बुजवली होती, पण गाळ साचत साचत बोडी उथळ झाली. २०१७ साली माझ्या मामेभावाने ठरवले की बोडीच्या पोटात कागदाचे शेततळे घ्यायचे. घरात वाद झाला. मीही त्यात बोललो. भाच्याने आजोळच्या शेतीत बोलू नये हे कळत असूनही बोललो. शेवटी असे ठरले की आधी एक उन्हाळा गाळ काढून पाहू. मामेभाऊ स्वतः त्या खालच्या शेजाऱ्याकडे गेला. गाळ तुमच्या शेतात न्या, म्हणाला, आणि सलंग किती उंच ठेवायचा ते तुम्ही सांगा. शेजारी बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर घेऊन आले. चौथ्या की पाचव्या दिवशी सलंगाच्या जागी उकरताना गाळाखाली एक लांब घडीव दगड लागला, आडवा बसवलेला. आजोबांच्या काळचा, कदाचित त्यांच्याही वडिलांच्या. मामांच्या भरावाच्या बरोबर हातभर खाली होता तो. नवा सलंग त्याच पातळीला बांधला. दगड सरळ करताना एका बाजूने सब्बल मामेभावाने धरली होती, दुसऱ्या बाजूने शेजाऱ्यांनी; आणि थोरले मामा, आता पंच्याहत्तरीचे, पाळीवर बसून पाणी जाईल त्या वाटेकडे पाहत होते.